भाड्याच्या खोलीतला देव

मिकोनोस, ग्रीस

प्रिय दादूस,

पण मी म्हणतो, माणूस दोन मिनिटं गप्प बसला म्हणून फोन आपटायचा? आणि त्याआधी सगळी जुनी मढी उकरलीस ती वेगळीच. गाव प्रकल्पात गेलं, सात वर्षं आपण रोडपालीच्या खोलीत भाडं भरतोय, देवीला फ्रिजवर बसवलंय, गावाच्या बदल्यात प्लॉट मिळाला तर तू घर बांधू म्हणालास आणि मी विकू म्हणून सही अडवली. म्हणून देवी रुसून निघून गेली, असं तुझं म्हणणं. मागून वहिनी होतीच, भावजींना ग्रीस दिसला, घर दिसत नाय. ते मी ऐकून घेतलं. पण देवीचा चांदीचा टाक परत जागेवर दिसत नाय तोवर आई रात्रीची जेवत नाय, चार महिने झाले, हे मला आता सांगतोस? माझा आवाजच बंद झाला. तुला वाटलं मी माजलोय. म्हणून कागदावर लिहितोय. नववी नापासाचं अक्षर आहे, वहिनीकडून वाचून घे.

हॉटेलातली भांडी मी सोडली. हसू नकोस, हे तिसरं काम. आता रोज सकाळी बोटीनं डेलॉस नावाच्या बेटावर जातो. तिथं कोणीच राहत नाय. दोन हजार वर्षांपूर्वीचं मोठं बंदर होतं, आता नुसते पडके खांब आणि सरडे. आम्ही गवत काढतो, दगड उचलतो. संध्याकाळ व्हायच्या आत सगळ्यांना बेट सोडावं लागतं. मला एका बारक्या देवळावर लावलंय. ओढ्याच्या काठाला, घरांच्या मधी अंग चोरून बसलेलं, आपल्या दहा बाय बाराच्या खोलीपेक्षा थोडंच मोठं. खाली पाण्याच्या टाकीत उतरायला पायऱ्या. वर टेकाडावर एक देवी उभी आहे, तिला डोकं नाय. आल्या दिवसापासून मला वाटतं, ती माझ्याकडेच बघते. डोकं नसताना.

तिथं एलेनी म्हणून वयस्कर राखणदारीण आहे. गुरुवारी दुपारी सावलीत बसून तिनं मला त्या देवळाची गोष्ट सांगितली. ती ग्रीकमध्ये बोलायची आणि तिचा मोबाईल बाईच्या आवाजात हिंदी करून सांगायचा. हे देव इथले नव्हेतच म्हणे. तो सेरापिस आणि वरची ती इसिस, दोघं इजिप्तचे. तिकडचा एक पुजारी पोटासाठी की कशासाठी या बेटावर आला, तो येताना देव घेऊन आला. भाड्याच्या खोलीत राहिला, देवही तिथंच. पोरगा झाला, नातू झाला, देव भाड्यानंच. मग एक दिवस नातवाच्या स्वप्नात देव आला आणि म्हणाला, मी आता भाड्याच्या जागेत राहणार नाय, मला माझं घर पायजे. जागाही त्यानंच दाखवली. उकिरडा होता तो. घेतला, सहा महिन्यांत देऊळ बांधलं. लोक जळले, कोर्टात खेचलं. कोर्टात बोलायला उभे राहिले आणि देवानं त्यांची जीभ बांधली. पुतळ्यासारखे झाले. मग असेच खलाशी, व्यापारी, गुलाम हे देव घेऊन पार रोमपर्यंत गेले, असं एलेनी म्हणाली.

मोबाईलमधली बाई ते भाड्याचं वाक्य बोलली तेव्हा दादूस, माझ्या अंगावर काटा आला. आई फोनवर रडताना आपल्या देवीबद्दल अक्षरशः हेच बोलली होती.

त्याच दुपारी पायऱ्यांवरचं गवत काढत मी खाली उतरलो. ऑगस्टमध्ये ती टाकी कोरडी असते. तळाला हात घातला तर मनगटापर्यंत ओला. आणि वास आपल्या विहिरीचा. गावच्या, जी भरावाखाली गाडली. शेवाळ आणि तांब्याच्या कळशीचा वास, तो मी कसा चुकेन? मुकादमानं माझ्या पाठोपाठ हात घातला, त्याच्या हाताला नुसती माती. एलेनी मात्र हसली नाय. म्हणाली, जुने लोक मानायचे की इजिप्तची नदी समुद्राखालून इथं येते.

इथं मिकोनोसला खोलीत आम्ही चौघं राहतो. सिल्हेटच्या एकानं रविवारी भरदुपारी मला विचारलं, तुझी आई आलीय का? एक म्हातारी तुझ्या बॅगेवर बसून लुगडं पिळत होती. मी त्याला आईचा फोटो दाखवला. तो म्हणाला, ही नाय, हिच्याहून खूप म्हातारी, कपाळभर कुंकू. संध्याकाळी त्यानं गादी उचलली, दुसरीकडे गेला.

आता खरं लिहितो. टाक माझ्याकडे आहे. निघायच्या सकाळी आई नळावर होती तेव्हा मी तो फ्रिजवरून उचलला. तुझ्यावरचा राग होता, की बांध घर, देव माझ्याकडे. आणि खोटं कशाला, एकट्यानं एवढं लांब जायची भीतीही होती. ती रुसून गेली असं आई म्हणाली तेव्हा मी मनात हसलो होतो, कारण ती माझ्या बॅगेत होती. शुक्रवारी तू आईच्या जेवणाचं सांगितलंस तेव्हा हेच सांगायला तोंड उघडलं आणि जीभ उचलेना. त्या पुजाऱ्यालाही वाटलं असेल की देव आपण आणला. आता मला कळत नाय, मी तिला आणलं की तिनंच मला या पायऱ्यांपर्यंत आणलं. करंजाचा सत्यजीत, माझ्या आधीच्या हॉटेलातला आचारी, बुधवारी सुट्टीवर निघतोय. त्याच्याकडे टाक आणि माझ्या सहीचा कागद दिलाय. टाक थेट आईच्या हातात दे आणि तिला त्याच वेळी जेवायला बसव. मी चोर आहे हे मी येऊन सांगेन, आधी तू सांगितलंस तरी चालेल. फ्रिजवर मात्र तिला आता ठेवू नका. प्लॉटवर चार विटा रचून, पत्रा टाकून तिला बसव. आपल्या घराच्या भिंती नंतर.

तुझाच धाकटा,
निकेश

पायाची खोदाई लगेच सुरू कर. पैसे आज तुझ्या खात्यात टाकलेत, परतीच्या तिकिटाला ठेवलेले धरून सगळे. एक लाख अठरा हजार रुपये.