धुऊन ठेवलेल्या चपला

नाना, आज सकाळी मी मुलाच्या चेहऱ्याकडे बघणं टाळलं, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. तो चहा घेऊन आला, गोळी घेतली का म्हणून विचारलं. आवाज त्याचाच, मनगटावरचा भाजल्याचा डागही त्याचाच. तरी मला वाटलं, हा माझा मुलगा नाही, कुणीतरी त्याचा चांगला अभ्यास करून आलेला आहे. कप परत देईपर्यंत ते गेलं. तुम्हालाही सुरुवातीला असंच एका कपापुरतं व्हायचं का? हे विचारायला तुमच्याशिवाय कोणी नाही.

काका रोज चारला देवास गेटहून चालत यायचे आणि आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा घ्यायचे. त्या वर्षी तुम्ही मला हळूच सांगायला लागलात, की आपला भाऊ कुठेतरी अडकला आहे आणि हा त्याचं कातडं पांघरून येतो. मी आठवी नापास, छापखान्यात खिळे जुळवणारा, मला काय सुचणार. काकांना म्हटलं, थोडे दिवस येऊ नका. ते हसले. "अरे, मी आलो नाही तर त्याची खात्रीच पटेल, की खरा मी हरवलोय."

त्या दिवशी कामावरून आलो तर मागचं दार उघडं. काका पाटाशेजारी पडलेले, तुमच्या हातात वरवंटा. तुम्ही नेहमीच्या आवाजात म्हणालात, "तो गेला. आता आपला येईल. चहा टाक." आणि मला सगळ्यांत आधी दिसलं ते हे, की तुमच्या पायांत चपला आहेत. आई गेल्यानंतरही तिच्या स्वयंपाकघरात चपला घालून कुणी पाऊल टाकलं नव्हतं. मी म्हटलं, "नाना, चपला." तुम्ही निमूटपणे एकेक पाय उचललात. मी त्या काढल्या, मोरीत धुतल्या, दाराबाहेर जोडीने सरळ ठेवल्या, आणि मग शेजाऱ्यांना हाक मारली. आधी का नाही मारली, ते मला अजून कळलेलं नाही.

कोर्टात पेशीला डॉक्टरांनी सांगितलं, हे बऱ्याच महिन्यांपासून आजारी आहेत. सरकारी वकिलांनी ते नाकारलंच नाही. म्हणाले, "बीमार होंगे, माना. बीमारी डॉक्टर देखे. अदालत को बस इतना देखना है, कि उस घड़ी इन्हें समझ थी या नहीं, कि क्या कर रहे हैं और वो गलत है." मग त्यांनी पंचनामा उचलला. चपला ओल्या, धुतलेल्या, दाराबाहेर सरळ लावलेल्या. रक्त धुणाऱ्याला समज नसते का, असं त्यांनी जजसाहेबांना विचारलं. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होतो. चपला कुठे होत्या? बाहेर. ओल्या होत्या? होत्या. कुणी धुतल्या, हे कुणी विचारलं नाही. सांगितलं तर मलाही आत टाकतील, या भीतीने मी बोललो नाही. चपला घालूनच स्वयंपाकघरात शिरलात, हे आपल्या वकिलांना कळलं असतं तर कदाचित त्यांनी तीच गोष्ट धरली असती, की समज असती तर हे तिथे चपला घालून शिरलेच नसते. तुम्ही समोरून बघत होतात. नजरेत राग नव्हता. मीही कुणाच्या तरी जागी येऊन उभा आहे, अशी ती नजर होती.

निकालात आलं, आजार होता, पण समज होती. जन्मठेप. चौथ्या वर्षी तुम्ही तुरुंगातच वारलात. त्याआधी भेटीला आलो की तुम्ही जाळीपलीकडून मलाच विचारायचात, "माझा मुलगा का येत नाही हो?"

गेल्या आठवड्यात सून मला टावर चौकातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी विचारलं, घराण्यात कुणाला असं काही होतं का? तिला एवढंच माहीत आहे, की तुम्ही तापाने गेलात. मी नाही म्हटलं. उद्या पुन्हा जायचं आहे. हा कागद त्यांच्या हातात द्यावा असं लिहायला बसलो तेव्हा मनात होतं. आता तो माझ्या पेटीत तळाशी ठेवतो आहे.

एक राहिलं. मगाशी ओट्याजवळ चपलेचा मातकट ठसा दिसला. मुलगा कामावर, सून माहेरी माधव नगरला, घरात मी एकटाच. कुणी यायच्या आत मी तो ओल्या फडक्याने पुसला, आणि माझ्या चपला धुऊन दाराबाहेर ठेवल्या.