एप्रिलमधलं टिनोस

२१ सप्टेंबर, रविवार

आज सलोनीने विचारलं, "अंकल, आप लोग ग्रीस कब गए थे? आंटी रोज वहाँ की बातें करती हैं." सलोनी म्हणजे केअर होममध्ये माझ्या बायकोचं, अरुणाचं, सगळं करणारी बाई, लुधियानाची, पन्नाशीची. मी म्हटलं, कभी नहीं गए. तिला वाटलं, मीही विसरायला लागलो. जरा काळजीनेच पाहिलं माझ्याकडे.

कधीच गेलो नाही! ती ग्रीसची बेटं — टिनोस, नॅक्सोस, डेलॉस — अरुणाने पुस्तकांत पाहिली आणि मी तर तेवढीही नाही. इथे कॅनडात, केंब्रिजच्या कार प्लांटमध्ये बावीस वर्षं काढली. जुलैत दोन आठवडे शटडाउन. सगळा प्लांट सुटीवर, आणि आम्ही मेंटेनन्सवाले मशिनं उघडून बसलेलो. ती म्हणायची, एप्रिलमध्ये जाऊ. एप्रिलमध्ये दरवर्षी काही ना काही निघायचंच. पुढच्या वर्षी नक्की, असं मी म्हणायचो. मग केव्हातरी तिने विचारणं बंद केलं. मला वाटलं, हौस ओसरली असेल. बरंच झालं, असंही वाटलं. खोटं कशाला लिहू.

२३ सप्टेंबर

दुपारी गेलो. खिडकीशी बसली होती. एकदम म्हणाली, "टिनोसच्या त्या गावात पायऱ्या किती हो होत्या!"

मी म्हटलं, "अरुणा, आपण गेलो नव्हतो."

"का?"

"मला रजा नव्हती."

रडली. पाच मिनिटांत विसरली आणि पुन्हा पायऱ्यांवर आली. मी पुन्हा तेच सांगितलं. पुन्हा रडली. असं तीनदा झालं, एकाच दुपारी. आयुष्यभर चूक दिसली की दुरुस्त करत आलो. समोर बसलेलं माणूस म्हणजे प्लांटमधला बिघडलेला गेज नव्हे, हे कळायला तीनदा रडवावं लागलं.

जाताना सलोनी म्हणाली, "अंकल, सच बोल के आपको क्या मिला?"

२४ सप्टेंबर

चैत्रालीचा फोन. सलोनीने तिला सांगितलेलं दिसतंय. लेक भडकली होती. "बाबा, डोंट करेक्ट हर. तिच्याकडे एकच चांगली गोष्ट उरलीय आणि तीसुद्धा तुम्ही काढून घेताय." मी म्हटलं, ऑफिसला उशीर होईल तुला. फोन ठेवला. बरोबर बोलली, म्हणून जास्त राग आला. दिवसभर जेवलो नाही.

२८ सप्टेंबर

बेसमेंटमध्ये अरुणाची वही सापडली. सांगलीत भूगोल शिकवायची ती. इथे येऊन लायब्ररीत पुस्तकं रॅकवर लावायचं काम केलं. घरी येताना एखादं पुस्तक बरोबर असायचंच. वहीत नकाशे, बाणांसकट. अक्षर फळ्यावरचं, ठसठशीत.

लिहिलंय — मध्ये डेलॉस, त्याच्याभोवती बाकीची बेटं फेर धरल्यासारखी. नॅक्सोसच्या बंदराशी संगमरवरी दरवाजा उभा आहे, अडीच हजार वर्षं. मागचं देऊळ पूर्ण झालंच नाही. टिनोसवर डोंगरभर कबुतरखाने, दुमजली. खाली सामान, वर कबुतरं, आणि वरच्या भिंतीला दगडी पाट्यांचे त्रिकोण, चक्रं, सूर्य. वोलाक्स गाव गोल गोल धोंड्यांत वसलेलं, तिथले लोक टोपल्या विणतात. पिर्गोसला घराच्या चौकटीसुद्धा कोरलेल्या, गावाचा धंदाच संगमरवराचा. टिनोस बंदराच्या धक्क्यापासून चर्चपर्यंत चढावर लोक गुडघ्यांनी रांगत जातात, नवस फेडायला. समासात — "आपल्याकडे लोटांगण."

डेलॉसच्या पानावर लिहिलंय की जुन्या काळी त्या पवित्र बेटावर जन्माला यायला आणि मरायला मनाई होती. मरणाला टेकलेल्याला होडीत घालून शेजारच्या बेटावर नेऊन ठेवत. मार्चमध्ये मी तिला गाडीत बसवून त्या केअर होममध्ये सोडून आलो. "थोडे दिवस," म्हटलं होतं. वही मिटली.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला घरात कोणी नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं तर दिवाळीला तीन आठवडेही नाहीत. चैत्राली लहान असताना गराजमध्ये किल्ला करायचो आम्ही. दरवर्षी प्रतापगडच! अरुणा म्हणायची, एकदा तरी दुसरं काही करा. मी ऐकलं नाही.

यंदा किल्ला टिनोसचा. ठरलं.

५ ऑक्टोबर

प्लायवुड अडीच फूट बाय दोन. त्यावर जाळी, मग गार्डन सॉइल कालवून थापली. डोंगराची माती उतारावरून घसरतेय. ग्रँड नदीच्या काठावर जाऊन गोल गोटे वेचून आणले, वोलाक्ससाठी. वाकताना पाठीत उसण भरली. एक बाई कुत्रा फिरवत होती, "फॉर योर गार्डन?" म्हणाली. हो म्हटलं. काय सांगणार होतो!

६ ऑक्टोबर

पाठ.

९ ऑक्टोबर

आज प्रथमच खोटं बोललो. ती पायऱ्यांवर आल्याबरोबर मी म्हटलं, "होत्या खऱ्या. बॅग मीच उचलली होती ना?"

"हो का?" म्हणाली आणि जरा हसली.

रडली नाही. मग मला सुरसुरी आली. धक्क्यावर कॉफी प्यायलो ते सांगितलं, वाऱ्याने माझी टोपी उडाली ते सांगितलं. ती ऐकत होती, लग्नात लांबच्या नातेवाइकाचं ऐकतात तशी.

घरी येऊन विचार करत बसलो. हे सगळं तिच्यासाठी करतोय असं म्हणतो, पण ते पूर्ण खरं नाही. तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट जातेय. सांगली गेली, लग्न गेलं बहुतेक, चैत्रालीचं नाव आठवड्यातून एकदा येतं. टिकलंय ते एवढंच बेट. मला त्या बेटावर जागा हवी आहे. नाहीतर मी कुठेच राहणार नाही.

११ ऑक्टोबर

कबुतरखाने सिरियलच्या खोक्यांचे केले. त्रिकोण कापता कापता बोटं आखडली. घरं पांढरी, वहीत लिहिलंय म्हणून. आणि मातीवर अळीव पेरून टाकले — हात आपोआप डब्याकडे गेला. किल्ला म्हटलं की अळीव.

१६ ऑक्टोबर

घोटाळा! अळीव तरारून वर आलेत. सगळं बेट हिरवंगार. आणि वही पाहिली तर — "उन्हाळ्यात बेटं करपलेली, खडक आणि काटेरी झुडपं." फोटोतही सगळं तपकिरी. प्रतापगडचा हात टिनोसला लावला की असं होणार. उपटायला बसलो. मुळांबरोबर मातीही येतेय, डोंगर बोडका व्हायला लागला.

थांबून पान उलटलं. पुढे लिहिलंय — "इथला पाऊस थंडीत. म्हणून एप्रिलमध्ये जावं. सगळं हिरवं असतं, मध्ये पॉपीची लाल फुलं." एप्रिलखाली दोन रेघा.

उपटलं नाही मग. तसंच बसून राहिलो खाली, कार्पेटवर. एप्रिल का, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

१७ ऑक्टोबर

लाल क्रेप कागदाच्या पॉपी. छत्तीस.

१९ ऑक्टोबर, रविवार

चैत्राली वॉटर्लूहून आली, चकली घेऊन. बेसमेंटमध्ये उतरली आणि किल्ल्यापुढे उभीच राहिली. "बाबा, तुम्ही हे एकट्याने केलंत?" मग खाली बसून घरं सरळ करायला लागली. हात चालू ठेवूनच म्हणाली, "आय वॉज सो मॅड ॲट यू. अजून आहे थोडी." मी म्हटलं, असू दे.

किल्ल्यावर मावळे हवेतच. पण टिनोसवर मावळ्यांचं काय काम! मग तिने तिच्या लहानपणच्या लेगोच्या डब्यातून दोन माणसं शोधून काढली. एक बाई, एक पुरुष. पुरुषाच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट! "तुम्हीच आहात, प्लांटवाले," म्हणाली. दोघांना पायऱ्यांवर शेजारी शेजारी उभं केलं. दोघंही हसलो. किती महिन्यांनी या घरात हसलो, आठवत नाही.

पाडव्याला घेऊन जाईन. ओवाळणार नाही ती, ते माहीत आहे. पण दोघांना पायऱ्यांवर पाहील तरी.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन एकट्याने उरकलं. उद्याचा शर्ट इस्त्री करून ठेवला, निळा, तिने घेतलेला.

२२ ऑक्टोबर, पाडवा

सलोनीने टेबल खिडकीशी ओढून दिलं. किल्ला ठेवला. अरुणा बराच वेळ पाहत राहिली. मग बोटाने दाखवायला लागली — हे वोलाक्स, हे कबुतरखाने, हे पिर्गोस, इथे मी पाणी प्यायले. सगळं बरोबर.

बोट पायऱ्यांपाशी थांबलं. बाईला तिने तसंच राहू दिलं. हेल्मेटवाल्याला उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. "हे इथे नव्हते. आमच्या ह्यांना रजा नव्हती. मी एकटीच गेले होते." आवाज पाहुण्याशी बोलतात तसा. मग म्हणाली, "तुम्ही पाहिलंय का टिनोस?"

"नाही."

"मग बसा. मी दाखवते."

खुर्ची ओढून बसलो. मी कोण, ते सांगितलं नाही.