धारेच्या वेळी

रविवार, रात्र

वहिनीनं पारडू पुन्हा आचळाला लावलं, आणि तेवढ्यात गोठ्यावरून तारेला लटकलेली एक बाई किंचाळत गेली. म्हशीनं पुन्हा पान्हा चोरला; दूध उतरेना.

"बघा भावजी, त्यास्नी पैसं दिऊन वरडायचं, आन हिकडं माझी बादली रिकामी."

टेकडीवर झिपलाइन झाल्यापासून रोज हेच. डेअरीला आजही दूध गेलं नाही. मी वर चढून मॅनेजरला म्हटलं, धारेच्या वेळेपुरती तार थांबवा. तो नम्रपणे म्हणाला, "सर, सूर्यास्तालाच तर गर्दी असते." टेकडीवरची आमची पड जमीन दादानंच भाड्यानं दिलीय. त्याची नोकरीही तिथंच. पर्यटकांचे पट्टे आवळत तो सांगत होता, "भ्यायचं न्हाई पावणं, बिनधास्त वरडा की!" मला पाहून त्यानं पाठ वळवली.

उतरताना डोक्यावरून आणखी एक किंकाळी गेली. ती आनंदाची असते, हे म्हशीला कुणी सांगावं?

जेवताना दादा म्हणाला, "इकून टाकूया तिला."

"म्हस काढा, तार ऱ्हाऊ द्या. व्हय?" वहिनी म्हणाली.

दादानं ताटात आणखी भाकरी कुस्करली. मीही.

सोमवार, दुपार

सकाळी दादा म्हैस घेऊन वडगावच्या बाजाराला गेला. मॅनेजरनं त्याला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली.