चादरीचं दुसरं टोक

नेब्रास्का, ऑक्टोबर १९५६

कॅप्टन लेडबेटर,

फाटकाला बांधलेला फुगा आत्ताच कात्रीनं फोडला आणि तशीच लिहायला बसले. रोज कुणीतरी नवा बांधून जातं. तुमच्या सरकारी चौकशीचा निकाल गावभर झालाय ना! माझ्या नवऱ्यानं बीटच्या शेतावर पाहिली ती उडती तबकडी नव्हती, हवामानखात्याचा फुगा होता, आणि पाहणारा तो एकटाच होता.

एकटा? आमच्या स्वयंपाकघरात बसून तुम्ही ऑरव्हिलला विचारलंत, "दारू किती घेता? डोळे कधी तपासलेत?" मला एवढंच विचारलंत, "बाई, या चेरी-पायच्या सारणात घालता तरी काय?" आणि दुसरा तुकडा घेतलात. त्या संध्याकाळी अंगणात आम्ही वाळलेल्या चादरीची घडी घालत होतो. एक टोक त्याच्या हातात होतं. दुसरं काय हवेत तरंगत होतं?

ऑरव्हिल शाळेची बस चालवतो. ज्याला साधा फुगा ओळखता येत नाही, त्याच्या हाती मुलं द्यायची का, हे शाळेचं मंडळ उद्या ठरवणार आहे. तो मला म्हणतो, "तू गप्प बस. घरात एक वेडा पुरे."

मी गप्प बसणार नाही.

वर्ना स्टूर

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी : पत्र टाकलं नाही. मंडळासमोर उभी राहून सगळं सांगितलं. बसच्या किल्ल्या त्यांनी काढून घेतल्याच. चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग आता मी घेऊ नये, असं पाद्रीबाबांनी तिथंच सुचवलं. आम्ही चालत घरी आलो. फाटकाशी ऑरव्हिल म्हणाला, "उद्यापासून दोन बांधतील."