जुना पार्ट कंपनीचा

१ मार्च
आज घण माझ्या हातात! वॉरंटीत बदललेले गाड्यांचे जुने पार्ट महिनाअखेर वर्कशॉपच्या मागच्या अंगणात फोडायचे असतात, परत बाजारात जाऊ नयेत म्हणून. फोडणारा काल आलाच नाही. मॅनेजर म्हणाले, "राजेश्रीताई, तुम्ही नुसते फोटो काढा, फोडायला मी दुसरा माणूस बघतो." मी कशाला थांबते! पंप, डायनामो, आरसे, सगळ्यांचा चुराडा. हात अजून झिणझिणतायत. फार बरं वाटलं.

११ मार्च
राणीसावरगावचे तात्याराव गाडी घेऊन आले. बंपरला रक्त, धुतलेलंसुद्धा नाही. शेतात बांधावर धाकटा भाऊ किशनराव उभा होता, ब्रेक लागलाच नाही म्हणे. किशनरावांचा पाय मांडीपासून काढला. पोलिसात कुणी गेलं नाही, घरातलं घरातच.
"माह्या हातानं भाऊ चिरडला वो ताई!" म्हणत काउंटरवर डोकं आपटून घेतलं. कपाळ फुटलं. मीच रुमाल दिला. माझेही डोळे भरून आले.
गाडी नवी. वाद नको म्हणून मॅनेजरांनी न तपासताच ब्रेकचा मास्टर सिलिंडर बदलून दिला. जुना माझ्या ताब्यातल्या, वॉरंटीचे पार्ट ठेवायच्या जाळीच्या खोलीत, चिठ्ठी बांधून.

१७ मार्च
किशनरावांचा मुलगा परमेश्वर वर्कशॉपात घुसला — कोयता घेऊन!
"बांधाच्या भांडणापायी काकानं माह्या बापाला मुद्दाम उडवलं! जुना पार्ट दावा. खराब निघाला तर काकाच्या पाया पडतो. न्हाई तर मुंडकं उडवतो त्याचं!"
मॅनेजर म्हणाले, "जुना पार्ट कंपनीचा. मिळत नसतो." झालं! त्यानं कोयता असा हाणला की काउंटरची काच फुटली. आमच्या मेकॅनिकनं, धम्मानंदनं, त्याला मागून धरलं, तर वार त्याच्याच दंडावर. रक्त माझ्या ओढणीवर उडालं. मी पाना घेऊन धावले, डोकंच फोडणार होते त्याचं. मग ओरडले, "फोडायच्या आधी तपासून सांगते! तोवर काकाला हात लावलास तर बघ!"
कोयता खाली केला. गेला. त्या म्हाताऱ्याला मी मरू देणार नाही.

१८ मार्च
ओढणीचा डाग निघत नाही. जाळली.

२९ मार्च
धम्मानंदनं बँडेजच्या हातानं तो सिलिंडर यार्डातल्या गाडीला चढवला. चालवायला मी बसले. ब्रेक दाबला — गाडी जागच्या जागी थांबली. परत दाबला. परत थांबली.
धम्मानंद खाली बघत म्हणाला, "ताई, ह्याला काय बी झालेलं न्हाई."
म्हणजे मुद्दाम! ते फोडून घेतलेलं कपाळ, माझा रुमाल! संतापानं अंग पेटलं. तात्याराव समोर असते तर घण त्यांच्यावरच पडला असता.
तशीच दवाखान्यात गेले, किशनरावांना सांगायला. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "पोरगं येडं हाय. माहा भाऊ तसा न्हाई, ताई." कापलेल्या पायावरची चादर नीट करत होते. सिलिंडरचं न सांगताच परत आले.

३१ मार्च
पहिला घाव त्याच सिलिंडरवर घातला. परमेश्वर समोर उभा, कोयता पाठीशी. मी म्हणाले, "खराबच होता रे!" आणि घाव घालत राहिले, तुकडे ओळखू येईनात तोवर. काय करायला हवं होतं मी? खरं सांगितलं असतं तर हा इथून सरळ काकाच्या मानेवर गेला असता, आणि मग जन्मभर तुरुंगात.
कोयता टाकून ढसाढसा रडला. काकाच्या पाया पडायला गेला.
धम्मानंद माझ्याशी बोलत नाही.

५ एप्रिल
किशनरावांना आज दवाखान्यातून सुट्टी मिळाली. परमेश्वरनंच काकाला निरोप धाडला म्हणे, "तुमीच घेऊन या माह्या बापाला." आत्ता वर्कशॉपासमोरून गेली गाडी. तात्याराव चालवत होते. शेजारी किशनराव. आत दोघंच.