डाव्या बाहीची पट्टी

दि. १४, मंगळवार, दुपार

प्रिय वहिनी,

नमस्कार. आठ महिन्यांनी पत्र लिहितेय, तेव्हा आधी नाक मुरडून घे आणि मग वाच. मी बरी आहे. खाते, पिते, नर्सशी भांडते. डावा हात बँडेजमध्ये आहे, त्यामुळे कागद सारखा सरकतो. अक्षराला हसू नकोस.

दादा काल येऊन गेला. माझ्यापेक्षा त्याचाच चेहरा जळाल्यासारखा दिसत होता. म्हणाला, वहिनी नऊ दिवस मशीनवर बसली नाही, कारखान्यात गेली तरी नुसती कापडाच्या घड्या घालते. "माझ्या शिवणीने पोरीचा हात जाळला," एवढंच म्हणते. वहिनी, हे ऐकल्यावर काल रात्री मला घास गोड लागला नाही. म्हणून लिहायला बसले.

आधी काय झालं ते नीट सांगते, कारण दादा अर्धं सांगतो आणि अर्धं रडतो. शर्यतीच्या चौथ्या फेरीत मागच्या गाडीने धक्का दिला. माझी गाडी फिरली आणि डाव्या बाजूने भिंतीवर आदळली. पेट्रोलची नळी तुटली असणार. भक्कन आवाज झाला आणि समोर नुसता नारिंगी रंग. डावं दार भिंतीला टेकलेलं. खरं सांगते, त्या क्षणी देव आठवला नाही, तू आठवलीस. कारखान्यातल्या मोडक्या खुर्चीत बसवून, माझ्या डोळ्यांवर ओढणी बांधून तू घोकून घ्यायचीस ना, "बक्कल, स्टिअरिंग, उजवं दार"? दादा सेकंद मोजायचा आणि माझ्यासाठी लबाडी करायचा, तू त्याला ओरडायचीस. मला तेव्हा तो पोरखेळ वाटायचा. वहिनी, धुरात काहीच दिसत नव्हतं. हात मात्र आपोआप चालले, पट्टा सुटला, स्टिअरिंग निघून बाजूला पडलं. बक्कल, स्टिअरिंग, उजवं दार. सतरा सेकंद मी आगीत होते असं नंतर व्हिडिओ पाहून कळलं.

बाहेर पडले तर ढब्बूमामा आग विझवायचा सिलिंडर घेऊन धावत येत होता. पंधरा वर्षं ट्रॅकच्या कडेला उभा राहणारा माणूस, पोटामुळे आम्ही सगळे त्याची थट्टा करायचो. त्या दिवशी त्याच्याइतकं जोरात कुणी धावलं नसेल. काल पेरू घेऊन आला होता. मी त्याच्या पाया पडायला गेले तर लाजून म्हणतो कसा, आधी सलाइनची नळी सांभाळ.

आणि तुझं काम सांगू? तू शिवलेला आगरोधक सूट वरून कोळशासारखा झाला होता, डॉक्टरांनी कात्रीने कापून काढला. आत पाठ, पोट, पाय, कुठे फोडसुद्धा नाही. हेल्मेटखालच्या ज्या कापडी टोपीला मी माकडटोपी म्हणून हिणवायचे, तिच्यामुळे कान आणि मान शाबूत आहेत. डॉक्टरांनी माझा उजवा हात उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, हा सूट कुणी शिवला? मी म्हटलं, माझ्या वहिनीने. एवढ्या अभिमानाने मी माझ्या ट्रॉफीबद्दलही कधी बोलले नव्हते.

आता डाव्या हाताचं. इतका वेळ इकडचं तिकडचं लिहितेय ते याच्याचसाठी टाळाटाळ.

भाजलंय ते फक्त मनगटावर, चार बोटं रुंद, बांगडीसारखं गोल. तुला आठवतंय आठ महिन्यांपूर्वी आपण कशावरून भांडलो? बाहीच्या आतली विणलेली पट्टी मला खुपते, घामोळं येतं, कापून दे, म्हणून मी तुझ्या मागे लागले होते. तू म्हणालीस, हातमोजा आणि बाही यांच्यात फट राहिली तर आग तिथूनच आत शिरते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तू शिवायचं काम कर. गाडीत बसल्याशिवाय मला अक्कल शिकवू नकोस." तू कात्री टेबलावर ठेवलीस आणि निघून गेलीस.

त्याच कात्रीने मी अंगातल्या सूटच्या डाव्या बाहीची पट्टी कापली, वहिनी. त्याच दिवशी. उजवी कापायला डाव्या हाताने जमेना, म्हणून ती राहिली. म्हणूनच उजवा हात वाचला.

बाही तिथे जळून गेल्यामुळे तपासनीसाला काही दिसलं नाही. त्याने कच्च्या अहवालात लिहिलं, "डाव्या बाहीची शिवण उसवली." मी वाचलं आणि गप्प बसले. टीमच्या मालकांना खरं सांगितलं, तर ते म्हणाले, "गप्पच बस. कपड्याचा परवाना जात नाही, तुझा जाईल." सूटमध्ये फेरफार केला तर एक वर्ष बंदी, नियम तुलाही माहीत आहे. इतके दिवस मी त्यांचं ऐकलं. मला लाज वाटते ते लिहायला. तू तिकडे स्वतःला दोष देत होतीस आणि मी इकडे ढब्बूमामाचे पेरू खात होते.

आज सकाळी तपासनीसाला बोलावून घेतलं. सगळं सांगितलं. कापलेली पट्टी माझ्या हेल्मेटच्या पिशवीत पडली होती, तीही दिली. त्याने भिंगातून कडा पाहिली आणि म्हणाला, ही कात्रीने कापलेली आहे, शिवणीचा एक टाका हललेला नाही. जबानीवर मी सही केली. सोबत नक्कल पाठवतेय, कारखान्यात सगळ्यांना वाचून दाखव. मालक अजून चिडलेलेच आहेत, चिडू देत.

माझं वर्ष गेलं. रडले थोडी, खोटं कशाला बोलू? पण मनगटावरचं ओझं उतरलं आणि भूक लागली.

मला माफ कर, वहिनी. माझा जीव तू वाचवलास आणि आळही तुझ्यावरच आला.

पुढच्या महिन्यात माझ्या जागी टीममधली नवी मुलगी गाडीत बसणार आहे. माप घ्यायला तुझ्याकडेच जा, असं मी तिला सांगितलंय. तेवढ्यासाठी तरी मशीनवर बस. आणि तिने पट्टी खुपते म्हणून कुरकुर केली, तर भांडू नकोस, समजावूही नकोस. तिला माझ्याकडे पाठव. मी बँडेज सोडून दाखवेन.

तुझ्या शिवणीमुळे जिवंत असलेली,
तुझी नणंद