माझा गॅस, ह्यांची गाडी

६ जून २००६, मंगळवार

पेट्रोल पुन्हा वाढलं! चार रुपयांनी! सकाळी बातम्यांत ऐकलं आणि चहा गाळता गाळता ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. काही नाही. "वाढू दे की," म्हणाले. वाढू दे! शिमग्यापासून पगार निम्माच हातात येतोय. विचारलं की उत्तर ठरलेलं — "पेट्रोलात जातोय, अंजना." आता काय उरलेला निम्माही जाणार?

कंपनीची बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबते. फुकट! शिरूरला बसायचं, रांजणगावच्या गेटात उतरायचं. आठ वर्षं हे त्याच बसनं गेले. यंदा शिमगा झाला आणि साहेबांना मारुतीशिवाय जमेना. का? तर — "सुपरवायझर मानसानं हेल्परांच्या मांडीला मांडी लावून बसायचं व्हय?" अहो, सुपरवायझर होऊन दोन वर्षं झाली. तोवर मांडी टोचली नाही!

ही जुनी आठशे घेतली तीसुद्धा माझ्या माहेरी, राहूला जाण्यायेण्यापुरती. रविवारची गाडी. आता रोजची झाली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

९ जून, शुक्रवार

आज माझा गॅस गेला. संपला नाही — गेला! भरलेला सिलिंडर उचलून ह्यांनी गाडीच्या डिकीत ठेवला. कोणी एक गॅरेजवाला म्हणे नळी-बिळी जोडून देतो, मग गाडी घरच्या गॅसवर पळते. "निम्म्यात पडतं. समदेच करत्यात."

समदे करत असतील! समद्यांच्या बायका गप्प बसत असतील! कनेक्शन माझ्या नावावर आहे. तीन वर्षं नंबर लागायची वाट बघितली. सासरी चुलीपुढे डोळे चुरचुरून गेले तेव्हा मनाशी म्हणायचे, एकदा गॅस येऊ दे. तो आला, आणि त्याच्यावर आता गाडी जेवणार. मी म्हटलं, "पेटली म्हंजी? बॉम्ब घेऊन हिंडताय मागं." तर म्हणतात, "काय हुत न्हाई." प्रगतीला मी त्या गाडीत पाऊल टाकू देणार नाही. पोटची एकुलती एक पोर आहे.

१० जून

स्टोव्ह. रॉकेल. पिन. काजळी. बस्स.

११ जून, रविवार

ह्यांनी गाडी धुवायला काढली तेव्हा मी मुद्दाम खाली वाकून बघितलं. मागचे दोन्ही टायर गोटा! नक्षी म्हणून राहिली नाही, हात फिरवला तर वरवंट्यासारखं गुळगुळीत. संक्रांतीलाच तर नवे घातले होते! शिरूर ते रांजणगाव — सरळ हायवे, डांबर. तेवढ्यात टायर खातात तरी कसे? दुपारी हे पंक्चरवाल्याकडे गेले तर मीही बरोबर गेले. तो हसून म्हणाला, "वहिनी, रानातनं चालवत्यात का काय गाडी?" ह्यांनी त्याला डोळ्यानं गप्प केलं. मी बघितलं.

नवे टायर परवडत नाहीत म्हणून जुन्यावरच रबर चढवलेले घातले. म्हणजे ते आणखी लवकर फाटणार. नाकापेक्षा मोती जड. शेजारच्या कस्तुराबाई ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "नशीबवान हायस बाई, नवऱ्याची गाडी हाय." मी म्हटलं, घेऊन जा, नशिबासकट!

१६ जून

शाळा सुरू झाली. प्रगती पहिल्याच दिवशी डबा तसाच घेऊन आली. "मम्मी, भाकरीला रॉकेलचा वास येतो. पोरी हसतात." लेकराला बापाच्या सुपरवायझरकीची किंमत मोजावी लागते. ह्यांना सांगितलं. मान खाली घालून ऐकलं, आणि उठून गाडीत पाणी टाकायला गेले.

१९ जून, सोमवार

आज एजन्सीत इज्जत गेली. एका सिलिंडरनंतर दुसरा एकवीस दिवसांनीच मिळतो; ते काल भरले आणि आज मी काउंटरला हजर, हे त्या पोरानं बरोबर हेरलं. भरल्या लायनीत मोठ्यानं — "बाई, खानावळ काढली का काय? तिघांच्या घरात एवढा गॅस?" सगळ्या बाया वळून बघायला लागल्या. आणि वर धमकी — गाडीला वापरताना सापडला तर कनेक्शन कायमचं बंद. बंद! माझ्या नावाचं!

आणि मी काय केलं? खोटं बोलले. "पाहुणे फार येतात आमच्याकडे," म्हटलं. आयुष्यात कधी कोणापुढे मान खाली घातली नाही, आणि आज एका पोरापुढे घातली. का तर ह्यांना बसमध्ये बसायची लाज वाटते!

२१ जून

गाडीच्या मागच्या सीटखाली मेथीची सुकलेली जुडी आणि लहान मुलाची एक सँडल सापडली. हे काय? "लिफ्ट दिली एका बाईला. लेकरू हुतं बरूबर." वा! घरच्या लेकराला रॉकेलची भाकरी आणि वाटेवरच्यांना माझ्या गॅसवर सैर! दानशूर!

२५ जून, रविवार

भांडण झालं. चांगलं मोठं. मी एवढंच म्हणत होते — उद्यापासून बसनं जा. गाडी विकू नका, मोडू नका, दारात उभी करा, हार घाला तिला. फक्त बसनं जा. माझा गॅस घरात आणा.

चौदा वर्षांत माझ्यावर आवाज न चढवलेला माणूस. ताट सरकवलं आणि ओरडले, "न्हाई जायचं मला बसनं! इषय बंद!" प्रगती घास हातात धरून बसली. हे तसेच उपाशी उठले. एवढी कसली आलीये मिजास? मला रडू आलं, पण रागाचंच आलं.

२७ जून

भरलेला सिलिंडर आला. टेम्पोवाला ठेवून जातोय तोच मी सिलिंडरला साखळी घातली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला. ह्यांनी बघितलं. खिशातली चिल्लर मोजली आणि पंपावर गेले. जाऊ देत!

२८ जून, बुधवार

ठरवलं. उद्या मीच बसवर जाणार. ड्रायव्हर तात्याबामामा आमच्या राहूचेच, मला लहानपणापासून ओळखतात. त्यांना सगळ्यांदेखत सांगणार — मामा, उद्यापासून ह्यांची जागा धरून ठेवा, आणि नाही आले तर हॉर्न वाजवत दारात थांबा. बघू मग चार लोकांत काय करतात! लाजच वाटायची असेल तर त्याची वाटू दे.

२९ जून, गुरुवार

मामा माझं बोलणं ऐकून बसमधून खाली उतरले. आतले सगळे खिडकीतून दुसरीकडे बघत होते. "अंजे," म्हणाले, "संपतराव कंपनीत कुठं हायती गं? शिमग्याच्या आदीच पंधरा जनांस्नी कमी केलं. गाडीत भाड्याच्या शिटा भरून न्हावरा-चौफुला रोडला फेऱ्या मारत्यात दिसभर. तुला ठावं न्हाई व्हय?"

आणि मी रोज सकाळी कंपनीच्या शर्टाला इस्त्री करून देतेय!

संध्याकाळी आले. "लई काम हुतं आज लाइनवर," म्हणाले. मी "व्हय" म्हटलं. साखळी काढली आणि सिलिंडर दारापाशी सरकवून ठेवला. हे बघतच राहिले. "का गं?"

"भाकरी स्टोव्हवरच चांगली हुतीया," म्हटलं.